ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर : शास्त्रीय सॉफ्टवेअरच्या अडचणी आणि ताळा

दिनांक १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमला नेहमीचा आधार देणे थांबविले. त्याआधी १४ जानेवारी २०२० रोजी 'विंडोज ७' च्या बाबतीत हेच घडले होते. दर पाच-सहा वर्षांनी येणारा हा प्रसंग मोठ्या संस्थांना फारसा जाणवत नाही. त्यांच्याकडे अशा कामासाठी वेगळी माणसे असतात. तालुक्याच्या ठिकाणच्या कला महाविद्यालयाची गोष्ट निराळी. येथे एके दिवशी प्रयोगशाळेतील संगणकांवर नवी प्रणाली घातली जाते, आणि दुसऱ्या दिवशी भूगोलाचा विद्यार्थी आपला अर्धवट राहिलेला नकाशा उघडावयास जातो, तो पडद्यावर इंग्रजीतील चार ओळी उमटतात व काम तेथेच थांबते. प्रकल्प सादर करावयाची तारीख मात्र थांबत नाही.

संगणकाचा कला शाखेशी संबंध काय, असा प्रश्न एके काळी विचारला जाई. आज भूगोलाचे नकाशे 'क्यूजीआयएस' मध्ये तयार होतात, अर्थशास्त्राचे व मानसशास्त्राचे सांख्यिकी काम 'आर' किंवा 'एसपीएसएस' मध्ये होते, आणि ग्रंथालयाची सूची तर केव्हाच संगणकावर गेली आहे. तेव्हा हा विषय आपलाही आहे. प्रस्तुत लेखात दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. प्रणाली बदलल्यावर सॉफ्टवेअर सुरूच होत नसेल तर दोष कोठे शोधावा, हा पहिला. दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, पण माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे : सॉफ्टवेअर सुरू झाले, चालले, उत्तरही आले, पण ते उत्तर पूर्वीचेच आहे काय?

प्रथम ऑपरेटिंग सिस्टीम आणि सॉफ्टवेअर यांचे नाते समजून घेऊ. आपल्या जिल्ह्यातील वाचकाला ते रेल्वेच्या उदाहरणाने चटकन कळेल. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी अरुंद लाईन १९११ साली लातूरला पोचली आणि पुढे जवळजवळ एक शतकभर चालली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रुंदीकरण झाले. त्या दिवशी जुने डबे मोडले नव्हते, इंजिनात बिघाड नव्हता. खालचे रूळ बदलले होते एवढेच. सॉफ्टवेअरचेही तसेच असते. फाईल उघडणे, पडद्यावर रेषा काढणे, छपाई करणे, आकडेमोड करणे ही कामे कोणतेही सॉफ्टवेअर पूर्णपणे स्वतः करीत नाही. त्यासाठी ते प्रणालीतील तयार कार्यसंचांची मदत घेते. या संचांना 'लायब्ररी' म्हणतात. प्रणाली बदलली की हे संच बदलतात, काही नाहीसे होतात, काहींची जागा बदलते. सॉफ्टवेअर शाबूत असते, पण त्याच्या पायाखालचे रूळ गेलेले असतात.

म्हणून बदलच नको असेही नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहर तहानलेले असताना मिरजेहून पाण्याची गाडी आली ती याच रुंद केलेल्या रुळांवरून. १२ तारखेला पोचलेल्या पहिल्या खेपेत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. नवे रूळ हवेतच. जुना माल नव्या गाडीत नीट चढला की नाही, एवढे पाहावे लागते.

मराठीच्या विद्यार्थ्यांना या अडचणीची ओळख फार जुनी आहे. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी 'श्रीलिपी', 'शिवाजी' किंवा 'आकृती' या फाँटांत लेख टंकित केले, त्यांच्या त्या फाईली आज नव्या संगणकावर उघडल्या तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसतो. त्या काळी देवनागरी अक्षर म्हणून काही साठविलेच जात नव्हते. साठविला जाई तो रोमन अक्षराचा क्रमांक, आणि फाँट त्यावर देवनागरी रूप चढवी. फाँट गेला की रूप गेले. पुण्याच्या 'सी-डॅक' संस्थेने 'जिस्ट' तंत्रातून आणि 'इस्की' या संकेतमानकातून यावर उपाय केला होता, व पुढे युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतली गेली. पण छपाईच्या धबडग्यात मानकाची पर्वा फार थोड्यांनी केली. त्याचे फळ अनेक महाविद्यालयांच्या जुन्या वार्षिकांकांच्या फाईली आज भोगीत आहेत. असो.

आता सॉफ्टवेअर सुरूच न होण्याच्या कारणांकडे वळू.

सर्वांत साधे कारण बिटचे. जुने संगणक ३२-बिट प्रणालीवर चालत. 'विंडोज ११' केवळ ६४-बिट आहे. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट सॉफ्टवेअर बहुधा चालते, परंतु डॉसच्या काळातील १६-बिट सॉफ्टवेअर अजिबात चालत नाही. युनेस्कोने १९८५ पासून वितरित केलेले 'सीडीएस/आयसिस' हे ग्रंथालयीन सॉफ्टवेअर आपल्या देशातील कितीतरी ग्रंथालयांनी वापरले. त्याची डॉसवरील आवृत्ती नव्या यंत्रावर सुरू होत नाही, यात ग्रंथपालांचा काही दोष नाही. 'डॉसबॉक्स' नावाचे मोफत सॉफ्टवेअर जुन्या यंत्राचे सोंग आणते. त्यात ते चालविता येते व नोंदी बाहेर काढता येतात. याच्या उलट अडचणही येते. प्रयोगशाळेत एखादा ३२-बिट विंडोजचा संगणक उरला असेल तर त्यावर नवे सॉफ्टवेअर चढत नाही. 'आर' ने एप्रिल २०२२ मधील ४.२.० या आवृत्तीपासून विंडोजवरील ३२-बिट बांधणी बंद केली, आणि क्यूजीआयएसने ३.२० पासून. अशा यंत्रावर नव्या आवृत्तीशी झगडत बसू नये. जुनी आवृत्ती शोधून घालावी. या दोन्ही सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या अधिकृत संग्रहांत जपून ठेवलेल्या आहेत.

दुसरे कारण हरवलेल्या लायब्ररीचे. अमुक 'डीएलएल' सापडत नाही, असा संदेश येतो. येथे विद्यार्थी हमखास एक गोष्ट करतात : त्या नावाची फाईल इंटरनेटवर शोधून कोठून तरी उतरवितात व फोल्डरात टाकतात. हे कदापि करू नये. ती फाईल कोणी बनविली, तिच्यात काय दडले आहे, हे कळावयास मार्ग नसतो. बहुतेक वेळा ही फाईल मायक्रोसॉफ्टच्या 'व्हिज्युअल सी++' च्या संचाचा भाग असते. तो पूर्ण संच कंपनीकडूनच घ्यावा आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे.

तिसरे कारण खास आपल्यासारख्यांचे आहे. नवी प्रणाली घालताना संगणक वापरणाऱ्याचे नाव विचारतो. आपण अभिमानाने 'भूगोल विभाग' असे देवनागरीत लिहितो. विंडोजला त्यात काहीच अडचण नसते. पण पश्चिमेकडे लिहिलेल्या कित्येक शास्त्रीय सॉफ्टवेअरना फोल्डरच्या नावात रोमनखेरीज अक्षर आले, किंवा नुसती मोकळी जागा आली, तरी वाट सापडत नाही. संदेश मात्र भलताच येतो, 'फाईल अस्तित्वात नाही' असा. आणि फाईल तर डोळ्यांसमोर असते! अशा वेळी 'डी' ड्राइव्हवर रोमन अक्षरांत, मोकळ्या जागेविना, छोट्या नावाचा फोल्डर करावा व सर्व काम तेथे न्यावे. माझा अनुभव असा की विनाकारण अडलेली बरीच कामे एवढ्यानेच सुटतात. मराठीचा अभिमान फाईलच्या आतील मजकुरात बाळगावा. तेथेही पूर्वी अडचण होतीच. विंडोजवरील 'आर' मध्ये ४.२.० पूर्वी गावांची मराठी नावे वाचली की 'निलंगा' च्या जागी कोनी कंसांत यू+०९२८ अशा संकेतांची माळ दिसे. त्या आवृत्तीपासून विंडोजवरही यूटीएफ-८ हा संकेत मूळचा मानला जाऊ लागला, व हा त्रास मिटला. येथे सुधारणा आपल्या बाजूची झाली, हेही नमूद केले पाहिजे.

चौथे कारण नकलेचे. प्रणाली बदलण्यापूर्वी फाईली पेन ड्राइव्हवर घेतल्या जातात, आणि भूगोलाचा विद्यार्थी 'शेपफाईल' घेताना एकच फाईल उचलतो. शेपफाईल ही एक फाईल नव्हे, ते एक कुटुंब आहे. आकृती एका फाईलीत, माहितीचा तक्ता दुसरीत, आकृतींची अनुक्रमणिका तिसरीत, प्रक्षेपणाची नोंद चौथीत आणि अक्षरसंकेताची नोंद पाचवीत. प्रक्षेपणाची फाईल मागे राहिली तर निलंगा तालुका भलत्याच जागी जाऊन पडतो. संकेताची राहिली तर गावांच्या नावांची प्रश्नचिन्हे होतात. शिवाय या जुन्या तक्त्यात स्तंभाच्या नावाला दहाच बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. म्हणजे 'पर्जन्यमान' लिहावयास गेलो तर तीन खुणांपलीकडे जागाच उरत नाही. त्यापेक्षा सर्व काही एकाच फाईलीत ठेवणारे 'जिओपॅकेज' वापरावे.

राहता राहिले 'आर' ची पॅकेजे. जुन्या आवृत्तीच्या फोल्डरातील पॅकेजे नव्या आवृत्तीत तशीच डकवून भागत नाही. ती पुन्हा घालावी लागतात. इंटरनेट बेताचे असेल तर त्यांच्या फाईली आधीच एका यंत्रावर उतरवून घ्याव्यात व पेन ड्राइव्हने फिरवाव्यात.

दोष शोधण्याची एक सवय मात्र सर्वत्र उपयोगी पडते. इन्स्टॉल करताना चाळीस ओळींचा संदेश आला तर आपण शेवटची ओळ वाचतो, कारण ती डोळ्यांसमोर असते. वाचावयाची असते पहिली चूक. पहिली लायब्ररी सापडली नाही म्हणून दुसरी बांधली गेली नाही, म्हणून तिसरी अडली, अशी ती साखळी असते. आणि शेवटची ओळ फक्त 'काम अपुरे राहिले' एवढेच सांगते. पहिली चूक वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावी. दुसरे, एका वेळी एकच बदल करावा. तीन उपाय एकदम केले आणि सॉफ्टवेअर चालले, तर कोणत्या उपायाने चालले हे कळत नाही, आणि शेजारच्या यंत्रावर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

या अडचणी आपल्यासारख्या लहान ठिकाणीच येतात असे कोणास वाटू नये. पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'जीएमआरटी' ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या मिळून ती आकाशातील रेडिओ लहरी टिपते. २०१० ते २०१२ या काळात या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे सर्वेक्षण केले, आणि त्या निरीक्षणांतून आकाशाच्या सुमारे नव्वद टक्के भागाचा नकाशा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निरीक्षणांची ही प्रचंड रास ज्या 'स्पॅम' नावाच्या सॉफ्टवेअरने निवडली, ते अमेरिकेतील 'एआयपीएस' या जुन्या संचावर आणि पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीवर उभे होते. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. नव्या लिनक्स प्रणालींतून ती भाषा हळूहळू काढली गेली. तेव्हा ज्यांना जुन्या पद्धतीने काम करावयाचे होते त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला.

यावर शास्त्रज्ञ दोन वाटांनी जातात. एक वाट नव्याने लिहिण्याची. जीएमआरटीच्या निरीक्षणांसाठी 'कासा' या दुसऱ्या संचावर चालणारी कार्यपद्धती पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात तयार झाली, आणि कासा स्वतःही पायथन ३ कडे गेले. दुसरी वाट 'कंटेनर' ची. जुनी प्रणाली, जुनी भाषा, जुन्या लायब्ररी हे सारे एका पेटीत बंद करून नव्या यंत्रावर ती पेटी चालवावयाची. वाड्याची डागडुजी करताना आजोबांची खोली होती तशी ठेवावी, त्यातला प्रकार. गंमत अशी की ज्या एआयपीएसवर हे सर्व उभे आहे त्याचा आरंभ १९७८ चा. ते फोरट्रानमध्ये लिहिलेले असून इतक्या प्रणाली आल्या आणि गेल्या तरी चालत राहिले. केवळ जुने म्हणून सॉफ्टवेअर अडत नाही. ज्याला दुसऱ्याचा आधार कमी लागतो ते टिकते.

येथवर ज्या अडचणी पाहिल्या त्यांचा एक गुण आहे : त्या बोलतात. संदेश येतो, काम थांबते, माणूस सावध होतो. आता न बोलणाऱ्या अडचणींकडे येऊ.

पायथन २ गेले व पायथन ३ आले, तेव्हा पूर्णांक करण्याचा नियमही बदलला. शाळेत आपण अर्धा आला की वरचा अंक घेतो. पायथन २ तसेच करी, ६४.५ चे ६५ होत. पायथन ३ मध्ये नेमका अर्धा आला तर जवळचा सम अंक घेतला जातो, म्हणून ६४.५ चे ६४ होतात. 'आर' चा नियमही सम अंकाचाच, तर एक्सेल मात्र ६५ च देते. सम अंकाच्या नियमाला सांख्यिकीत चांगला आधार आहे, कारण दर वेळी वरच चढत गेल्याने बेरजेत येणारा फुगवटा त्यात टळतो. पण आता हवामान खात्याचे वर्गीकरण पाहा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पाऊस झाला की त्याची गणना जोरदार पावसात होते. समजा, कोण्या विद्यार्थ्याने क्यूजीआयएसच्या दुसऱ्या आवृत्तीत लहानसा कार्यक्रम लिहिला : पाऊस पूर्णांकात आणा, तो ६५ किंवा अधिक असेल तर मंडळ निळे रंगवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये आलेल्या क्यूजीआयएस ३ बरोबर पायथन ३ आले. कार्यक्रमातील किरकोळ चुका दुरुस्त केल्यावर तो चालला, नकाशाही निघाला. फक्त ज्या मंडळात नेमका ६४.५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता ते मंडळ निळ्यातून बाहेर पडले. कोणताही संदेश आला नाही. महसूल खात्याच्या मदतीच्या निकषांतही २४ तासांतील ६५ मिलिमीटरची रेषा असल्याने आपल्याकडे शेतकऱ्यालासुद्धा ती तोंडपाठ असते. अशा रेषेजवळच्या नकाशातील एका रंगाला काय किंमत आहे, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागू नये.

दुसरे उदाहरण नमुना निवडीचे. तालुक्यातील गावांच्या यादीतून वीस गावे यादृच्छिक पद्धतीने निवडावयाची असतात. 'आर' मध्ये एक बीजांक दिला की निवड दर वेळी तीच येते, म्हणून विद्यार्थी बीजांक लिहून ठेवतात व निश्चिंत होतात. परंतु एप्रिल २०१९ मधील ३.६.० या आवृत्तीत निवडीची रीत बदलली. जुन्या रीतीत फार मोठ्या यादीच्या बाबतीत निवड किंचित असमान होत असे. तो दोष काढला गेला. बदल योग्यच होता. पण जुना बीजांक नव्या आवृत्तीत टाकला तर वेगळीच वीस गावे समोर येतात, आणि प्रश्नावल्या तर आधीच्या गावांत भरून झालेल्या असतात. जुनी रीत मागून घेण्याची सोय 'आर' मध्ये ठेवलेली आहे. तरीही बीजांकावर विसंबण्यापेक्षा निवडलेल्या गावांची यादीच जपून ठेवणे शहाणपणाचे.

तिसरे उदाहरण तारखांचे, आणि हे सर्वांत घातक. नवी विंडोज घातली की प्रदेशाची निवड पुष्कळदा अमेरिकेची होऊन बसते. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. आपली पावसाची फाईल एक्सेलमध्ये उघडली की ०७/०६ हा ७ जून न राहता ६ जुलै होतो. मृगाचा पाऊस पुनर्वसूत जाऊन पडतो. १३/०६ चे काय होते? तेरावा महिना नसल्याने एक्सेल तिला तारीख मानीतच नाही, नुसता मजकूर मानते, आणि महिन्याच्या बेरजेतून ती वगळली जाते. आता हिशेब करा. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी केवळ १४४ दिवस, म्हणजे बाराही महिन्यांच्या पहिल्या बारा तारखा, तारखा म्हणून वाचल्या जातात. त्यांतही १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च असे बाराच दिवस आपापल्या जागी राहतात. १३२ दिवस भलत्या महिन्यात जातात आणि २२१ दिवस हिशेबातून उडतात. जूनच्या नावावर काय उरते? बाराही महिन्यांच्या सहा तारखांचा पाऊस! आलेख मात्र सुबक निघतो, आणि जून कोरडा गेला असा निष्कर्ष निघतो. यावर उपाय सोपा आहे. प्रदेश 'भारत' करावा, आणि त्याहून बरे म्हणजे फाईलीत वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे स्तंभच ठेवावेत.

चौथे उदाहरण भाषेच्या विद्यार्थ्यांना आवडावे. युनिकोडमध्ये 'ळ' चा क्रमांक 'ल' च्या लगेच पुढे व 'व' च्या आधी आहे, तर आपल्या वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. संगणकाने नुसत्या क्रमांकावर लावले तर आपल्या जिल्ह्यातील तीन गावांचा क्रम हालसी, हाळी, हासोरी असा लागतो. मराठी क्रमाने लावले तर हालसी, हासोरी, हाळी. प्रणाली किंवा तिची भाषा बदलली की क्रम लावण्याची रीतही बदलू शकते. नावांचा तक्ता एका रीतीने लागला, आकड्यांचा दुसऱ्या रीतीने, आणि दोन्ही शेजारी शेजारी डकविले, की हाळीचा पाऊस हासोरीत पडला म्हणून समजावे. म्हणून गावांना नावाबरोबर जनगणनेचा क्रमांक द्यावा व जोडणी क्रमांकावरून करावी.

अशा न बोलणाऱ्या चुका नामांकित शास्त्रज्ञांच्या कामातही शिरल्या आहेत. मेंदूच्या चित्रांवरून त्याच्या भागांचे आकारमान मोजणाऱ्या 'फ्रीसर्फर' या सॉफ्टवेअरची तपासणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तीच चित्रे तीन आवृत्त्यांतून काढली तेव्हा आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. आणि सॉफ्टवेअर तेच ठेवून मॅकची प्रणाली १०.५ ची १०.६ केली, तर त्याच्या सुमारे निम्मा. रुग्णाचा मेंदू आहे तेथेच होता! २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांना असे आढळले की २०१४ साली प्रसिद्ध झालेला व अनेकांनी वापरलेला एक पायथन कार्यक्रम निरनिराळ्या प्रणालींवर निरनिराळी उत्तरे देतो. कारण अगदी क्षुल्लक निघाले. फोल्डरातील फाईलींची यादी प्रत्येक प्रणाली आपापल्या क्रमाने देते, आणि कार्यक्रम मात्र तो क्रम ठराविकच असणार असे गृहीत धरून लिहिलेला होता. आपल्या हाळी-हासोरीचीच ही थोरली बहीण.

मग करावे काय? आपल्या आजोबांच्या पिढीतील दुकानदार बेरीज केल्यावर ताळा पाहत. प्रणाली बदलतानाही तेच करावयाचे, फक्त ताळ्याची तयारी बदलापूर्वी करून ठेवावयाची. जुनी प्रणाली चालू असतानाच एक लहान माहितीसंच निवडावा : दहा गावे, एक वर्षाचा पाऊस. त्यावर आपल्या नेहमीच्या क्रिया कराव्यात व उत्तरे कागदावर छापून घ्यावीत. वर्षाची बेरीज, जूनची बेरीज, जोरदार पावसाच्या दिवसांची संख्या, निवडलेल्या गावांची नावे, आणि एक नकाशा. माहितीसंचात मुद्दाम काही अवघड जागा घालाव्यात : एक ६४.५ चा आकडा, एक १३ तारखेच्या पुढचा दिवस, एक 'ळ' चे गाव, एक रिकामी जागा. प्रणाली बदलल्यावर तोच संच पुन्हा चालवावा. नावे, दिवसांची संख्या व गावांची संख्या तंतोतंत जुळलीच पाहिजेत. सरासरीत दशांशचिन्हानंतरच्या बाराव्या-तेराव्या स्थानी फरक पडला तर घाबरू नये. यंत्राच्या आकडेमोडीत तेवढे चालते. पहिल्या-दुसऱ्या स्थानी पडला तर मात्र शोध घ्यावा.

पुण्याच्या हवामान खात्याची जाळीदार पर्जन्य-माहिती वापरणाऱ्यांना तर ताळा फुकट मिळतो. या माहितीत देशावर पाव अंशाची जाळी टाकलेली आहे. पूर्व-पश्चिम १३५ आणि दक्षिण-उत्तर १२९ बिंदू, म्हणजे १७,४१५. प्रत्येक आकडा ४ बाइटांचा. तेव्हा ३६५ दिवसांच्या वर्षाची फाईल २,५४,२५,९०० बाइटांचीच असली पाहिजे. पेन ड्राइव्हवरून आणलेली फाईल याहून लहान असेल तर नक्कल अपुरी झाली, हे सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच कळते. ज्या बिंदूंवर माहिती नाही तेथे उणे ९९९ असते. नव्या सॉफ्टवेअरला ही खूण सांगावयाची राहिली तर पावसाची सरासरी उणे येते. ही चूक निदान हसू आणून स्वतःला पकडून देते. निलंग्याजवळचा बिंदू पाहावयाचा तर १८.२५ उत्तर अक्षांश व ७६.७५ पूर्व रेखांश घ्यावा; आणि अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली नाही ना, हे त्याच बिंदूच्या जूनच्या व जानेवारीच्या पावसावरून ताडून पाहावे.

प्रकल्पाच्या परिशिष्टात एक छोटी नोंद असावी, अशी सूचना मी विद्यार्थ्यांना व मार्गदर्शक प्राध्यापकांना करीन : ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव व आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती, वापरलेली पॅकेजे व त्यांच्या आवृत्त्या, प्रदेशाची निवड, आणि ताळ्याची तारीख. आपण नकाशाखाली प्रमाण लिहितो, तितकीच ही नोंद आवश्यक आहे. 'आर' मध्ये ही सारी माहिती एका आज्ञेसरशी छापून मिळते. इन्स्टॉल करण्याची मूळ फाईलही टाकून देऊ नये. क्यूजीआयएसची ती फाईल मोठी असते व पुन्हा उतरविण्यात अर्धा दिवस जातो. शिवाय आर आणि क्यूजीआयएस या दोहोंच्या दोन आवृत्त्या एकाच यंत्रावर शेजारी शेजारी नांदू शकतात. हाती घेतलेला प्रकल्प पूर्ण होईपर्यंत जुनी आवृत्ती काढूच नये.

शेवटी जुन्या यंत्रांविषयी. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय व अलीकडचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे प्रयोगशाळांतील बरीच चांगली चालणारी यंत्रे तिच्या दाराबाहेर राहतात. त्यांवर लिनक्स घालता येते; आर व क्यूजीआयएस दोन्ही तिच्यावर मोफत चालतात, आणि मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतूनही केलेले आहेत. विंडोजवरून तेथे जाणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लिनक्समध्ये रोमनमधील मोठे व लहान अक्षर वेगळे मानले जाते. 'निलंगा' हे फाईलीचे नाव मोठ्या 'एन' ने लिहिले आणि कार्यक्रमात लहान 'एन' ने मागितले, तर विंडोज ते मुकाट्याने देई; लिनक्स 'फाईल नाही' म्हणून परत पाठविते. सर्व नावे लहान अक्षरांत करून घ्यावीत, व मग ताळ्याचा तोच संच येथेही चालवून पाहावा. जूनची बेरीज विंडोजवर जी आली होती तीच येथे यावयास हवी.